बसणाऱ्यांनी पाणी घ्यायचं नाही

दिंडोरी रोड, नाशिक
५ ऑक्टोबर

भागीरथाबाई,

जयभीम. तू राम राम घे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. आधी वाटलं, पोस्टमनने हातात दिल्यावर तू तो सरळ चुलीत घालशील. पण तुला मी ओळखते. वाचायला शिकल्यापासून तू भज्याचा तेलकट कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाहीस. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा शोधू नकोस.

आधी कामाचं. मी रजेवर म्हणजे अंगणवाडीतलं सेविकेचं अन् मदतनिसाचं दोन्ही काम तुझ्याच गळ्यात, हे मला कळतं. निकेशच्या पोरीला डाळ पातळ करून दे, घट्ट दिली की ती ओकते. वजनकाटा थोडा जास्त दाखवतो, त्यावर खूश होऊ नकोस. घरी माधवीचा बाप एकटा आहे, पण सोमाजीला जेवणाचं विचारायला जाऊ नकोस, त्याला खिचडी येते, तो येत नाही असं दाखवतो.

मी पोचले. नागपूरहून रेल्वे, रात्रभर बसून. माधवी स्टेशनवर आली होती, डोक्यात टोपी. पाया पडली. मी 'बरी आहेस ना' म्हटलं, ती 'बरी आहो' म्हणाली, आणि पुढे खोली येईपर्यंत आम्ही दोघी रिक्षावाल्याचं बोलणं ऐकत होतो. फार बोलका होता, बरं झालं.

तू बायका घेऊन माझ्या दारासमोर बसलीस, त्याचा मला राग नाही. नियम माझाच. ज्या घरी दारू गाळतात त्या घरासमोर बसायचं. बोलायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. घरचं माणूस बाहेर येऊन स्वतःच्या हाताने हंडा फोडत नाही तोवर उठायचं नाही, आणि तोवर त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. आपण दोघींनी एवढी दारं केली, त्यात माझंही एक दार आहे हे कधी डोक्यात आलं नाही. पेपरात माधवीचा फोटो आला, हातात लाल ग्लास, खाली 'गडचिरोलीची लेक बनवते वाईन', आणि गावातल्या पोरांनी मोबाइलवरून तो संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवला. तुला मी सांगितलं होतं की ती द्राक्षाच्या कंपनीत आहे. ते खोटं नव्हतं.

माझ्या घरात फोडायला हंडा नव्हता. मग मी दार लावून आत बसले आणि तुम्ही बाहेर. दिवस कलल्यावर तुम्ही उठलात. ठरलं ते असं, की दिवाळीनंतरच्या बैठकीपर्यंत माधवीने नोकरी सोडावी, नाहीतर आपल्या महिला मंडळाने माझ्या घराशी संबंध तोडावा. हेही नियमाला धरूनच.

पण दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तू खिचडीच्या धुरात घामाने निथळत होतीस, मी पाण्याचा गडू पुढे केला, आणि तू 'तहान नाई' म्हणालीस. ते कुठल्या नियमात बसतं? बसणं तर आदल्या दिवशी संपलं होतं.

मी नवी सेविका म्हणून आले तेव्हा तुमच्याकडच्या बाया पोरांबरोबर घरून पाण्याच्या बाटल्या पाठवायच्या, कारण अंगणवाडीतलं पाणी मी भरायचे. कोणी काही बोलायचं नाही, नुसत्या बाटल्या. एक दिवस तू सगळ्या आयांसमोर माझ्या हातचा गडू घेतलास आणि गटागटा प्यायलीस. अर्धं पदरावर सांडलंस. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या बंद. आता तोच गडू तू परत केलास आणि दारात दोन बाया उभ्या होत्या. त्यांना वाटलं जुनंच परत आलं. तसं नाही हे मला ठाऊक आहे. तरी मला वाईट वाटलं, भागीरथाबाई. फार वाईट वाटलं.

प्रवीणला मी विसरलेली नाही. सव्विसाव्या वर्षी पोरगं पिवळं पडून, पोट फुगून गेलं, हे मी तुझ्या शेजारी बसून पाहिलं आहे. त्या दिवशी माझ्या दारासमोर न बोलण्याचा नियम तू एकदाच मोडलास. 'माह्या पोराच्या पोटातली अन् तुह्या पोरीच्या हातातली, दारू एकच.' मी दाराच्या आतून ऐकलं. उत्तर असतं तर दार उघडलं असतं.

तर मी तिला न्यायला आले आहे. ती नाही आली तर काय, ते अजून ठरवलेलं नाही.

इथलं ऊन चांगलं आहे, कोरडं. डोंगर लांबलांब आणि उघडे. झाडी नाही, वाघाला लपायला जागा नाही. इथल्या बाया सरपणाला जाताना कशाला भीत असतील कोण जाणे. द्राक्षं पाहू म्हटलं तर द्राक्षंच नाहीत. या दिवसांत वेली छाटतात, तारांवर नुसत्या काड्या उभ्या. फळ उन्हाळ्याच्या तोंडावर. तरी सुट्टीच्या दिवशी टोप्या घातलेले लोक गाड्या भरभरून येतात आणि काड्यांसमोर उभं राहून फोटो काढतात. दारू कुठे लपवली ते शोधायला आपण दिवसचे दिवस घालवायचो. इथे हमरस्त्यावर बाण काढलेली पाटी आहे.

गिरजा


दिंडोरी रोड
८ ऑक्टोबर

भागीरथाबाई,

काल तिचा कारखाना पाहिला. हो, आत गेले. मंडळाची अध्यक्ष दारूच्या कारखान्यात गेली, हे बैठकीत माझ्या आधी तूच सांग, म्हणजे कोणाला दुसरीकडून कळणार नाही.

टाक्या आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढ्या, चकचकीत. आत गार. माधवी म्हणाली, 'आई, डोये मीट. कायचा वास येते?'

मी डोळे मिटले आणि मला आपल्या नाल्याची वाळू दिसली. मोहसडवा. ड्रममध्ये सडवलेली मोहफुलं, पुरून तिसरा दिवस झालेली. तसाच आंबूस-गोड वास, फक्त शेणाचा अन् गुळाचा वास त्यात नव्हता. मी सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, 'मलेबी पहिल्या दिवशी तोच वास आला होता. वाटलं, मंडळाले बोलवा लागते.'

तिचं काम काय ते सांगते, कारण मला वाटलं होतं तसं ते नाही. ओळीने ग्लास मांडलेले असतात. एकेक उचलते, नाक आत घालून बसते, मग घोट घेऊन गालातल्या गालात फिरवते आणि बाजूच्या बादलीत थुंकते. मग लिहिते. पुन्हा पुढचा ग्लास. सकाळभर तेच. चूळ भरायची नोकरी म्हण.

'गिळत नाई मी,' ती म्हणाली. 'पाचवं शील मोडलं नाई मी, आई. आजपावतो एक घोट पोटात गेला नाई.'

'गावचा लच्छूबी म्हने, मी पीत नाई, गाळतो फक्त.'

'लच्छूच्या दारूत युरिया असे.'

'अन् तुह्या?'

'द्राक्षं.'

'पिणाऱ्याले चढते का नाई?'

तिने पुढचा ग्लास उचलला. बुद्धवंदना तिला मीच शिकवली. न पिणं वेगळं आणि दुसऱ्याला पाजायचा धंदा न करणं वेगळं, बुद्धांनी दोन्ही सांगितलं आहे, हे तिलाही पाठ आहे. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

मग मी विचारलं, हे नाकाचं काम तू शिकलीस कुठे? म्हटलं कॉलेजचं नाव सांगेल. तिने तुझं नाव सांगितलं.

आठवतंय का? ड्रम कधी तणसीच्या ढिगात, कधी उकिरड्यात, कधी वाळूत पुरलेले. आपल्या बायांना चुलीच्या धुराने नाक राहिलेलं नाही. माधवीला मात्र पाचव्या वर्षापासून वास लागायचा. मी पुढे बोलायला, आणि मागे तू, कडेवर माझी पोरगी, बोटाला तुझा प्रवीण. 'कुठी वास येते वं माधो?' तू विचारायचीस आणि ती बोट दाखवायची, आणि तिथे ड्रम निघायचा. लोक तिला घाबरायचे. लच्छू तर ती दिसली की घराची कवाडं लावून घ्यायचा. ड्रम निघाला की तू तिला पदराच्या गाठीतली शेंगदाण्याची चिक्की द्यायचीस. तेच नाक आहे, बाई. आपणच चिक्की देऊन वाढवलेलं.

प्रवीणचा विषय तिनेच काढला. म्हणाली, तो नेहमी मुद्दाम चुकीच्या जागेकडे बोट दाखवायचा. तिथे खणून काही निघालं नाही की पुढे चालायला मिळायचं, आणि त्याला घरी जायचं नसायचं. 'मावशीले माहीत होतं ते,' ती म्हणाली. 'तरी ती खणे.' हे मला माहीत नव्हतं. सांगताना ती बादलीकडे बघत होती आणि नाक पुसत होती, आणि तिच्या कामात नाक पुसणं बरं नव्हे म्हणून मग थोडा वेळ तिने ग्लास उचलला नाही.

तिला मी सरळ विचारलं, येतेस का? 'नाई,' म्हणाली. 'आई, मी पयली अशी जागा पाह्यली जिथी माह्या नाकाले कोणी भीत नाई.'

मी म्हटलं, मग मला बसावं लागेल.

गिरजा


दिंडोरी रोड
११ ऑक्टोबर

भागीरथाबाई,

मी बसले.

परवा सकाळी चहा न घेता निघाले, तिची चटई काखेत घेतली आणि कारखान्याच्या गेटसमोर, बाण काढलेल्या पाटीच्या सावलीत बसले. सावली थोड्याच वेळात सरकली. एकटीने बसायची मला सवय नाही. शेजारी कोणी विडा चघळत नाही, कोणी कुजबुजत नाही, ढोपर दुखलं तर सांगायला कोणी नाही. बसणं हे आपल्या दोघींचं काम होतं, हे एकटीने बसल्यावर कळतं.

गेटवरचा माणूस आला. 'मावशी, छाटणीला आलात का? मजूर मागच्या गेटने.' मी मान हलवली. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, तो मोठ्याने तेच पुन्हा बोलला. टोपीवाल्या एका बाईने गाडीची काच खाली करून माझा फोटो काढला. पुढे सुरगाण्याकडच्या मजूर बाया जेवायच्या सुट्टीत आल्या, मला बघितलं, आपसात काही बोलल्या आणि माझ्या शेजारी बसून घेतलं. मी विचारलं, तुम्ही कशाला? एक म्हणाली, 'तुम्ही मजुरी वाढवायला बसल्या ना? मग एकटी कशी बसू द्यायची?' तिने माझ्या हातावर भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवला. मी त्यांना काही समजावत बसले नाही. बसल्यावर बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर शेजारी कोणीतरी आहे हे बरं वाटलं.

एवढ्या बाया बसलेल्या बघून आतून मोठा साहेब धावत आला, हात जोडून. 'ताई, मागणी काय आहे तुमची?' मला नियम मोडावा लागला. 'मागणी काई नाई जी. माही पोरगी आत आहे.' त्याला वाटलं पोरगी हरवली.

मग माधवी बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. मी मान हलवली. तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. आली ती एक बाटली घेऊन. माझ्यासमोर उन्हात उकिडवी बसली, लहान असताना बसायची तशी.

'ही माही पयली आहे,' ती म्हणाली. 'बाकी सगळ्या साहेबाच्या. ही मी एकटीनं केली. नियम माहीत आहे मले. घरच्या मानसानं फोडा लागते. नोकरी मी सोडत नाई, आत टाक्या भरल्या आहेत, ह्या एकीनं काई होत नाई. पन तू उन्हात बसली आहेस. तू म्हनशील तर फोडतो.'

आणि तिने बाहीने बाटलीवरची धूळ पुसली.

लच्छूची बायको तुला आठवते. मध्यान्हीपासून आपण बसलो होतो, शेवटी ती हंडा घेऊन बाहेर आली, लच्छू मागे तोंड लपवून. हंडा डोक्यावर उचलायच्या आधी तिने तो पदराने पुसला. आता फुटणार तो हंडा, पुसायचा कशाला, म्हणून आपण दोघी घरी जाताना हसलो होतो. तू मला तिची नक्कल करून दाखवलीस आणि मला ठसका लागला होता.

माधवीने हात वर केला. मी मनगट धरलं.

'ठेव,' म्हटलं. 'अन् ते पानी दे इकडे.'

मी पाणी प्यायले, भागीरथाबाई. बाटली साबूत, आणि मी पाणी प्यायले. सगळा तांब्या. मजूर बायांना वाटलं मागणी मान्य झाली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. माधवी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि तिची टोपी धुळीत पडली. मी पण रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लच्छूचा हंडा फोडायला लावला ते चूक होतं असं मी म्हणत नाही. उद्या गावात कोणी पुन्हा हंडा मांडला तर मी पुन्हा बसेन आणि फुटेपर्यंत उठणार नाही. ही पोरगी करते ते मला पटलेलंही नाही. फक्त तिच्या हाताने फोडून घ्यायला माझ्याच्याने झालं नाही. यातलं एक दुसऱ्याशी जुळत नाही हे मला दिसतं आहे. मी तीन दिवस जुळवून पाहिलं.

गिरजा


चंद्रपूर
१६ ऑक्टोबर

भागीरथाबाई,

भावाकडे उतरले आहे. काल इथल्या दीक्षाभूमीवर गेले होते, दरवर्षी या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांबरोबर हात जोडून पंचशील घेतलं. पाचव्याला वाटलं होतं आवाज निघणार नाही. निघाला, नेहमीसारखाच. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, म्हणजे मोठाच निघाला असावा. पोरं गर्दीत पाणी वाटत फिरत होती, कोणाला गाव नाही, आडनाव नाही, हात पुढे आला की ग्लास. मी दोन प्यायले. तुझी आठवण आली.

बाटली आणलेली नाही. आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि वैनगंगेच्या पुलावर सापडले असते तर पोलिसांच्या आधी तूच मला धरलं असतंस. ती माधवीकडे आहे. ती म्हणाली, तू जिवंत आहेस तोवर ही उघडत नाही. मी म्हटलं, मग माझ्यानंतर लगेच पार्टी करशील काय? तेव्हा ती जरा हसली.

बैठकीत सांगायचं ते इथे लिहिते, म्हणजे तुझ्या हातात आधीपासून असेल. माधवीने नोकरी सोडलेली नाही. मी तिला सोडायला लावली नाही. मी बसले, आणि न फोडता उठले. नियम केला मीच आणि मोडणारी पहिली मीच, तेव्हा अध्यक्ष मी राहू शकत नाही. ते तू घे. तुझ्यापेक्षा कोणाचा हक्क जास्त नाही, आणि खणायला तू कंटाळत नाहीस, काही निघणार नाही हे माहीत असतानाही.

तू त्या दिवशी बोललीस त्याचं उत्तर शोधायला मी गेले होते. सापडलं नाही. दारू एकच असेल. पोरं मात्र दोन होती, आणि दोन्ही आपल्या दोघींच्या मागे नाल्याने चालायची. एक उरलं आहे. त्याला मी दार लावू शकत नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस ते मी विचारत नाही, कारण तुला ती संधी मिळाली नाही, आणि हे मला झोपेतही माहीत असतं.

माधवी सुट्टीला घरी येणार आहे. तिने तुझ्यासाठी नाशिकची चिक्की घेऊन ठेवली आहे. मी म्हटलं, मावशी घेणार नाही. ती म्हणाली, देऊन तर पाहू.

आता नियमाप्रमाणे माझ्या घराचं बसणं अजून संपलेलं नाही, कारण फुटलं काहीच नाही. तेव्हा तू बायकांना घेऊन ये. उद्या संध्याकाळच्या गाडीने मी पोचते, हा कागद तुझ्या हाती पडेल तेव्हा घरीच असेन. या वेळी दार उघडं राहील. चटई मी ओसरीवर घालून ठेवते, तुझं ढोपर खालच्या जमिनीवर दुखतं.

ऊन चढलं की मी पाण्याचा गडू घेऊन बाहेर येईन आणि तुझ्यापुढे धरीन. सगळ्यांसमोर. बसणाऱ्यांनी पाणी घ्यायचं नाही हा नियम मला पाठ आहे, तू नाही घेतलंस तर मी समजेन की तू नियम पाळते आहेस, दुसरं काही समजणार नाही. गडू तुझ्याजवळच ठेवून आत जाईन.

तहान नाही एवढं मात्र म्हणू नकोस.

तुझी
गिरजा